बोर्डो ते सेत, कालव्याच्या काठाने सायकल: वाट, टायर, पाणी, वारा

चाकोरीबाहेर (मूळ धागा)

फ्रान्समधल्या कालव्याकाठच्या सायकलवाटेबद्दल इथे तुकड्यातुकड्यांत बरेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी मांडतो. भर घालायची असेल किंवा काही चुकले असेल तर खाली जरूर लिहा.

वाट बोर्डोहून निघते आणि भूमध्य समुद्राकाठच्या सेत गावी संपते. अंतर साधारण ५०० किमी. पहिला टप्पा गारोन नदीला समांतर जाणाऱ्या कालव्याचा, तुलूझपर्यंत. हा कालवा १९३ किमी लांब आहे, त्यावर ५३ लॉक (पाण्याची पातळी बदलून नावा वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या टाक्या) आहेत आणि तो १८५६ मध्ये पुरा झाला. तुलूझपासून पुढे कनाल द्यू मिदी, २४० किमी. हा जुना. प्येर-पॉल रिके नावाच्या मीठकर वसूल करणाऱ्या माणसाने तो खणायला घेतला, काम १६६६ ते १६८१ चालले, आणि कालवा खुला होण्याच्या काही महिने आधी, १६८० मध्ये, रिके वारले. १९९६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे.

नकाशावर ही एकच सलग रेघ दिसते आणि तिथेच बहुतेकांचे नियोजन फसते. सायकलच्या दृष्टीने या दोन वेगळ्या वाटा आहेत. गारोनची बाजू डांबरी, सपाट आणि सावलीची आहे, तिथे दिवसाला ७०-८० किमी सहज होतात. मिदीवर तुलूझनंतर जेमतेम ५० किमी डांबर आहे. पोर-लोरागे ओलांडून ओद जिल्ह्यात शिरलात की माती, खडी आणि झाडांची मुळे. तिथे ४०-४५ किमीचाच दिवस धरा. हा हिशेब न करता सगळीकडे ८० धरणाऱ्यांचे परतीचे रेल्वे तिकीट वाया जाते.

टप्पे असे पाडता येतात. बोर्डो ते ला रेओल ७५ किमी, ला रेओल ते आजाँ ७५, आजाँ ते म्वासाक ४३, म्वासाक ते तुलूझ ६४. तुलूझला एक दिवस विश्रांती आणि सायकलची तपासणी. मग कास्तेलनोदारी ६५, कार्कासोन ४०, ऑम्प्स ४०, कापेस्ताँ ४३, आग्द ४३ आणि शेवटी सेत २५ च्या आसपास. म्वासाकचा दिवस मुद्दाम छोटा ठेवला आहे. तिथल्या मठाचे कोरीव दार आणि आतला खांबांचा चौक पाहायला दोन तास कमीच पडतात. शिवाय हे गाव शासला जातीच्या खायच्या द्राक्षांचे. सप्टेंबरात बाजारात पेट्याच्या पेट्या रचलेल्या असतात.

सुरुवात थेट कालव्यावरून होत नाही. बोर्डोतून नदीकाठाने लात्रेनपर्यंत जायचे. तिथून जुन्या रेल्वेमार्गावर बांधलेली सायकलवाट क्रेओंवरून सोवतेर-द-ग्वियेनला जाते, सुमारे ५५ किमी. तिला १९३७ ची तूर द फ्रान्स जिंकणारे रोजे लापेबी यांचे नाव दिले आहे. दोन्ही बाजूंना आंत्र-द-मेर भागाचे द्राक्षमळे. रेल्वेची वाट असल्याने चढ जाणवत नाही. सोवतेरहून पुढे ला रेओलपर्यंत पंधरा-एक किमी साध्या चढउताराच्या गावरस्त्याने जावे लागते आणि मोटारींशी गाठ पडते ती मुख्यतः इथेच. गारोन ओलांडून फोंतेला कालवा मिळाला की पुढे तुलूझपर्यंत चिंता नाही.

गोदाकाठ

धाग्याबद्दल आभार. माझ्याकडे ३२ मिमी टायरची हायब्रिड आहे. चालेल का, की दुसरी सायकल घ्यावी लागेल?

स्पोक_स्पॅनर

गोदाकाठ, गारोनवर ३२ उत्तम. मिदीवर ३२ ने जाता येते, पण मनगटे आणि कॅरियर दोघांचेही हाल होतात. तुमच्या फोर्कमध्ये आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांमध्ये जागा असेल तर ४० किंवा ४२ मिमीचे टायर घाला, नवी सायकल नको. टायर बसवल्यावर दोन्ही बाजूंना आणि वर मडगार्डखाली किमान १० मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे. ती का, ते खाली चिखलाच्या मुद्द्यात येईल.

हवा: चालवणारा ७५ किलो आणि सामान १४ किलो धरले, तर ४२ मिमीच्या टायरला डांबरावर मागे ४५ आणि पुढे ३८ पीएसआय. पोर-लोरागेला थांबून ती मागे ३८, पुढे ३२ वर आणा. हा पाच मिनिटांचा थांबा लोक टाळतात. मग मुळांवरून सायकल दणके खाते आणि दोष रस्त्याला जातो. ३२ च्या टायरला मात्र हवा फार कमी करू नका. मुळाच्या कडेवर रिम आदळली की ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात.

मुळांचे कारण कालव्याकाठची प्लातान झाडे. काश्मीरच्या चिनाराच्याच कुळातली. बहुतेक एकोणिसाव्या शतकात काठ धरून ठेवायला आणि सावलीला लावली. मुळे आडवी, वाटेच्या थेट खालून पाण्याकडे जातात. हातभर अंतरावर एकामागून एक अशा पाच-सहा मुळ्या आल्या की पॅनियरचे (कॅरियरला दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्यांचे) हुक उडतात. त्यावर उपाय:

कॅरियरचे चारही बोल्ट निघण्यापूर्वी काढून, आटे पुसून, निळे थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून परत आवळा. लाल वापरू नका, ते रस्त्यात सुटत नाही. एम५ चे १६ मिमी लांबीचे दोन-तीन जादा बोल्ट हँडलबॅगेत ठेवा. बोल्ट तुटतो तो बहुधा मागच्या चाकाच्या आसाजवळचा, कारण सगळा हेलकावा तिथे येतो. रोज सकाळी सामान लावण्याआधी कॅरियर हाताने डावी-उजवी हलवून पाहा. कट्कट् आवाज आला तर बोल्ट सैल आहे. सैल बोल्टवर दिवसभर चालवले की तो कापला जातो आणि अर्धा तुकडा फ्रेममध्येच अडकतो. पॅनियरच्या वरच्या हुकात नळीच्या जाडीप्रमाणे प्लास्टिकचे तुकडे बसवायचे असतात, ते बसवा. खालचा आकडा कॅरियरच्या दांडीमागे नीट गेला आहे ना, पाहा. दोन्ही पॅनियर मिळून १२-१४ किलोच्या वर जाऊ नका.

नवखा_पेडल

पंक्चर किती होतात? दोन ट्यूब पुरतील ना?

स्पोक_स्पॅनर

दोन ट्यूब, आठ-दहा पॅच आणि सोल्यूशनची न फोडलेली ट्यूब. फोडलेली महिनाभरात आत वाळते.

गारोनवर पंक्चर क्वचित. मिदीवर कार्कासोनच्या पुढे कोरडा मुलूख सुरू झाला की आपला ओळखीचा सराटा भेटतो. होय, तोच गोखरू, माळावरचा. वाटेच्या कडेला जमिनीलगत पसरलेला वेल, पिवळी बारीक फुले, आणि फळ कसेही पडले तरी एक काटा वर. जुलैनंतर फळे वाळतात तेव्हा त्रास जास्त. सायकल गवतात आडवी टाकू नका, जेवायला थांबलात तर उचलून दगडावर किंवा बाकाला टेका. काठावरचे गवत नुकतेच यंत्राने कापले असेल तर काटेरी ब्लॅकबेरीच्या फांद्यांचे तुकडे वाटभर पसरलेले असतात. तो तुकडा चालत पार केला तरी चालेल.

सराट्याचे पंक्चर काढताना एक काटा सापडला म्हणून थांबू नका. टायर पूर्ण काढून आतून कापसाचा बोळा किंवा जुना मोजा फिरवा, धागे जिथे अडकतील तिथे टोक आहे. टोक टायरच्या जाडीत मोडलेले असते आणि नखाला लागत नाही. बाहेरून टायर किंचित दुमडला की वर येते, मग चिमट्याने ओढा. ट्यूब घासा, सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि त्याची चमक जाईपर्यंत थांबा. ओल्यावर पॅच लावला तर संध्याकाळपर्यंत कड सुटते. ट्यूबलेस असेल तर काटा लगेच उपटू नका. तो भोक धरून असतो. मुक्कामी पोचल्यावर काढा, चाक फिरवून सीलंट (टायरमधला भोक बुजवणारा द्रव) तिथे आणा, मग हवा भरा.

द्राक्षबाग

विषय मळ्यांचा निघाला म्हणून एक सांगतो. नाशिक-सांगलीकडे आपण मोरचूद आणि चुना कालवून जे बोर्डो मिश्रण फवारतो, त्यातले बोर्डो ते हेच. वेलीवरच्या केवडा रोगावर त्याचा उपाय बोर्डो विद्यापीठातल्या मियार्दे यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. मे-जूनमध्ये तिथेही केवडा आणि भुरीच्या फवारण्या चालू असतात, आणि वारा पडलेला असतो म्हणून पहाटेच. मळ्याच्या ओळीत उंच ट्रॅक्टर दिसला, जो ओळीच्या दोन्ही बाजूंना चाके टाकून वेलीवरून चालतो, तर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला थांबा आणि तो बांधाच्या टोकाला वळून लांब गेला की पुढे जा. वेलीवरची द्राक्षे तोडून तोंडात टाकू नका. ती दुसऱ्याची आहेतच, वर फवाराही असतो.

वेली पाहायच्या तर मिदीच्या बाजूने ऑम्प्स, आर्जाँ, पाराझा, वाँतनाक हा पट्टा. मिनेर्व्वा भागाचे मळे तिथे अगदी कालव्याला भिडतात. आपल्या मांडवांसारखे काही दिसणार नाही. जुन्या बागांत तारही नाही, गुडघ्याएवढी खुंटे, वरून पेल्यासारखी छाटलेली. पाऊस कमी आणि वारा जोराचा, म्हणून वेल बुटकी ठेवतात. तोडणी साधारण ऑगस्टअखेर सुरू होते. तेव्हा गावरस्त्यांवर द्राक्षांच्या ट्रॉल्या असतात आणि वळणावर रस सांडून डांबर चिकट झालेले असते. तिथे वेग कमी ठेवा.

मीनल_तुलूझ

पिण्याच्या पाण्याबद्दल लिहिते. नळावर 'ओ नों पोताब्ल' लिहिले असेल तर ते पिण्याचे नाही. 'नों' नसेल तर चालते. गावात नळ सापडला नाही तर दफनभूमीत बघा, फुलांसाठी तिथे नळ असतोच. पाटी नसेल तर मात्र आधी विचारा. उन्हाळ्यात मिदीवर माणशी तीन लिटर घेऊन निघा, दोन गावांमधले अंतर कमी असले तरी दुकान बंद असण्याची शक्यता मोठी. लहान गावात दुकाने साडेबाराला बंद होतात ती तीन-साडेतीनला उघडतात. रविवारी दुपारनंतर काही नाही आणि बऱ्याच बेकऱ्या सोमवारी बंद. म्हणून पाव सकाळीच घ्या आणि रविवारचे जेवण शनिवारी पिशवीत असू द्या.

शाकाहारी असाल तर कास्तेलनोदारीच्या प्रसिद्ध कासुलेपासून दूर राहा. पांढऱ्या घेवड्याची उसळ दिसते, पण त्यात बदक आणि डुक्कर असते. सुपरमार्केटात शिजवलेले छोले आणि मसूर डब्यात मिळतात, कुसकुस पाच मिनिटांत गरम पाण्यात फुलतो, दही उत्तम. काटेकोर असाल तर चीजच्या पाकिटावर 'प्रेझ्यूर' शब्द पाहा. ते वासराच्या जठरातले विरजण असते.

स्टोव्ह नेणार असाल तर गॅस विमानात चालत नाही, इथेच घ्यावा लागतो. खेड्यांत निळ्या काँपिंगाझच्या टाक्या सहज मिळतात, आणि त्यांना वेगळा वॉल्व्ह लागतो. आट्यांचा वॉल्व्ह असलेल्या टाक्या मोठ्या शहरातल्या खेळाच्या दुकानांत मिळतात. एक अडॅप्टर जवळ असला की प्रश्न मिटतो.

नवखा_पेडल

सेतहून बोर्डोला गेले तर? समुद्राकडून सुरू करावे असे मनात आहे.

चाकोरीबाहेर

तसे करू नका, निदान पहिल्या वेळी नाही. कारण वारा. कार्कासोन ते बेझिये पट्ट्यात 'सेर्स' वारा वायव्य-पश्चिमेकडून येतो आणि एकदा लागला की दोन-तीन दिवस थांबत नाही. पश्चिमेकडून गेलात तर तो पाठीवर. उलट दिशेने तोच खडीच्या वाटेवर छातीवर.

मीनल_तुलूझ

चाकोरीबाहेर, हे अर्धेच खरे. तुलूझ ते कास्तेलनोदारी भागात 'ओताँ' आग्नेयेकडून येतो, म्हणजे समुद्राकडे जाणाऱ्याच्या थेट तोंडावर. तो आला तर या लोरागे पट्ट्याच्या उघड्या भागात ताशी दहाच्या वर जाणे कठीण. एकाच दिशेची खात्री कुणी देऊ नये. ओताँचा इशारा हवामानखात्याच्या अंदाजात आदल्या दिवशी कळतो. तेव्हा तुलूझचा विश्रांतीचा दिवस ताठर न ठेवता वाऱ्याप्रमाणे पुढेमागे सरकवा.

चाकोरीबाहेर

मान्य. तरी सगळी बेरीज केली तर खडतर भागात सेर्स पाठीशी असणे जास्त मोलाचे, म्हणून माझे मत पश्चिमेकडून पूर्वेला हेच राहील.

जाताना नोरूझला मात्र घाईत पुढे जाऊ नका. हा १८९ मीटर उंचीचा माथा, कालव्याचा सर्वांत उंच भाग. इथून पाणी दोन्हीकडे जाते, अटलांटिककडे आणि भूमध्य समुद्राकडे. माथ्यावर पाणी आणायचे कसे, हाच रिकेंपुढचा खरा पेच होता. प्रत्येक नाव लॉकमधून उतरली की पाण्याचा एक घोट खाली जातो, आणि माथ्यावर तो भरून काढायला नदी नाही. त्यांनी काळ्या डोंगरातले ओढे अडवले, साँ-फेरेओलचे धरण बांधले आणि पाटाने पाणी नोरूझला आणले. तो पाट आजही वाहतो. हात बुडवता येईल इतका जवळ, शांत, दाट झाडीतला. त्याच्या कडेने साँ-फेरेओलकडेही सायकलने जाता येते, एक दिवस हाताशी असेल तर.

गोदाकाठ

पाऊस लागला तर?

स्पोक_स्पॅनर

लोरागेची माती चिकण. पावसानंतर ती प्लातानच्या पानांसकट टायरला चिकटते, मडगार्डखाली दाबली जाते आणि चाक फिरायचे थांबते. वर १० मिमी म्हटले ते यासाठी. जोर लावून पेडल मारू नका, चेन ताणली जाते किंवा डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्राचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला धरणारा तुकडा, वाकतो. उतरा, काडीने माती काढा, पुढचे मडगार्ड सोडून बॅगेवर बांधा. आणि मग सरळ शेजारच्या लहान डांबरी रस्त्यावर जा. कालव्याला समांतर गावरस्ते सगळीकडे आहेत. रात्रभर पाऊस झाला असेल तर दुपारपर्यंत वाट बऱ्यापैकी सुकते. गेल्या काही वर्षांत काही तुकडे मुरूम दाबून पक्के केले आहेत, तिथे हा त्रास कमी.

चेनला मिदीवर ओले, घट्ट तेल नको. धूळ बसून त्याची कणीक होते. मेणाचे किंवा कोरडे तेल, दर दोन दिवसांनी पुसून.

दुसरी गोष्ट म्हणजे पुलांखालची वाट. जुने दगडी पूल कमानीचे आणि अरुंद. वाट कमानीखाली अर्धा-पाऊण मीटर रुंदीची उरते, एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला कठडा नसलेले पाणी. समोरून येणारा दिसत नाही. घंटी वाजवा, उतरा. पॅनियर दगडाला घासला की सायकल पाण्याकडे ढकलली जाते.

द्राक्षबाग

काही ठिकाणी झाडेच नाहीत असे वाचले. ते का?

मीनल_तुलूझ

रोग. एक बुरशी प्लातानच्या खोडात शिरून पाण्याच्या नळ्या बंद करते, झाड काही वर्षांत मरते आणि उपाय नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ती युरोपात आली असे मानतात. कालव्यावर ती २००६ मध्ये सापडली, ट्रेबजवळ. कालव्याकाठी जवळपास ४२,००० प्लातान होती. रोगट झाडाबरोबर आसपासचीही तोडावी लागतात, म्हणून कित्येक किमी उघडे दिसतात. दुसऱ्या जातींची झाडे लावली जात आहेत, पण त्यांची सावली पडायला वेळ आहे.

सायकलस्वारांनी दोन गोष्टी पाळायच्या. 'रुत बारे' (रस्ता बंद) किंवा 'देवियासिओं' (वळणरस्ता) पाटी दिसली तर वळणरस्ता घ्या, तोडणीच्या फितीखालून घुसू नका. आणि प्लातानच्या खोडाला साखळी-कुलूप करकचून बांधू नका. सालीला जखम झाली की बुरशीला तिथूनच वाट मिळते. ट्रेब ते मार्सेयेत भागात टोपी आणि जास्तीचे पाणी हवेच.

नवखा_पेडल

रेल्वे, व्हिसा आणि सायकल नेणे याबद्दल कुणी थोडक्यात?

चाकोरीबाहेर

बोर्डो-मार्से ही लांब पल्ल्याची गाडी तुलूझ, कार्कासोन, बेझिये आणि सेत या सगळ्यांना जोडते आणि सायकल घेते, पण आरक्षण सक्तीचे. जागा थोड्या, उन्हाळ्यात लवकर भरतात. प्रादेशिक गाड्यांतही सायकल जाते, तिथले नियम प्रदेशागणिक आणि हंगामागणिक बदलतात, तिकीट काढताना तपासा. फलाटावर गाडी येण्याआधीच पॅनियर उतरवून ठेवा, डब्यात सायकल उभी टांगायची असते.

विमानात नेताना गत्त्याचे खोके. पेडल काढा, डावे पेडल उलट आट्यांचे असते हे विसरू नका. मागचा डिरेलर हँगरवरून सोडून चेनसकट फ्रेमच्या आत बांधा, पुढच्या फोर्कमध्ये प्लास्टिकचा अडसर घाला. जादा हँगर न्याच. प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि तिथल्या दुकानात तुमचा मिळेलच असे नाही. बॅटरीची सायकल विमानात चालत नाही, १६० वॅट-तासांवरची बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. ती भाड्यानेच. तिथे एका गावात घेऊन दुसऱ्या गावात परत करण्याची सोय मिळते, आणि खोके कुठे ठेवायचे हा प्रश्नही उरत नाही.

शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. रोजच्या मुक्कामाचा तक्ता जोडताना मिदीचे दिवस ४० किमीनेच दाखवा, म्हणजे आरक्षणेही त्याच हिशेबाने होतील.

मळ्यांमध्ये चव घ्यायला थांबणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे मद्याची रक्ताच्या लिटरमागे ०.५ ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. कानात इयरफोन घालूनही चालवता येत नाही. रात्री गावाबाहेर चमकते जाकीट सक्तीचे.

गोदाकाठ

शेवटचे, बेझिये ते सेत कसे?

स्पोक_स्पॅनर

कापेस्ताँहून निघाल्यावर मालपासचा बोगदा येतो. कालवा डोंगराच्या पोटातून जातो आणि सायकल वरच्या टेकाडावरून. वर चढलात की पलीकडे मोंतादीचे आटवलेले तळे दिसते. तेराव्या शतकात त्यातले पाणी काढून शेते केली, पाट मध्यभागी येऊन मिळतात, त्यामुळे सगळी जमीन सायकलच्या चाकासारखी स्पोक-स्पोक पडलेली. पुढे बेझियेच्या वेशीवर फोंसेरानची लॉकची माळ आहे, एकाखाली एक आठ टाक्या, २१ मीटरांहून जास्त उतार. इथे सायकल हातात धरून उतरा. फरशी गुळगुळीत असते आणि माणसांची गर्दी.

बेझियेनंतर पोर्तिराञ्यच्या बाजूला परत डांबर मिळते, हवा भरून घ्या. आग्दनंतर कालवा ऑंग्लूच्या दीपस्तंभापाशी थो सरोवराला मिळतो आणि वाट तिथे संपते, सरोवर ओलांडायला काही नाही. सेतला जायचे तर मार्सेयाँ-प्लाजमधून समुद्र आणि सरोवर यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवरची सायकलवाट पकडा. पक्की आहे, पण आडोसा अजिबात नाही आणि वाऱ्याने वाळू आडवी येऊन साचते. अशा ढिगात पुढचा ब्रेक दाबू नका, चाक सरळ धरून पेडल चालू ठेवा. स्टेशन गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, गाडीच्या वेळेआधी तासभर हातात ठेवा. आणि चेनमधली वाळू त्याच संध्याकाळी ब्रशने काढा.